आधी ओळख पटवा

गल्लीच्या तोंडाशी, औषधांचं दुकान आणि चपला शिवणाऱ्याची टपरी यांच्यामध्ये जी चिंचोळी जागा उरते, तिथे उस्तादांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान आहे. उस्ताद हे नाव त्यांना कुणी दिलं ते लोकांना आठवत नाही. त्यांच्या बायकोला आठवतं. त्यांनी ते स्वतःच स्वतःला दिलं, पाटीवर रंगवून घेतलं, आणि मग लोकांचा नाइलाज झाला.

दुकानात दोघं बसतात. बायको मशीनवर चाव्या कापते आणि उस्ताद बोलतात. अगदीच नुसतं बोलतात असं म्हणणं अन्यायाचं होईल. कुणी स्वतःच्याच घराबाहेर अडकलं की ते हत्यारांची पिशवी खांद्याला लावून जातात आणि दार उघडून देतात. हात चांगला आहे, त्यात वाद नाही. पण हाताआधी तोंड चालतं. दारापुढे पोचलं की ते पिशवी खाली ठेवतात, हाताची घडी घालतात आणि म्हणतात, "आधी ओळख पटवा."

घर तुमचंच कशावरून? दार उघडल्यावर समोरच्या भिंतीवर काय दिसतं? पडदे कुठल्या रंगाचे? शेजारी तुम्हाला नावाने ओळखतात का, बोलवा पाहू एकाला. सगळी उत्तरं मिळाली की मग तार आणि पट्टी बाहेर निघते, आणि दार उघडल्यावर घरमालकाच्या आधी उस्ताद आत डोकावून भिंत तपासतात.

पद्धत वाईट नाही. चोराला दार उघडून देण्यापेक्षा शंभर पटीने बरी. बायकोची तक्रार पद्धतीबद्दल कधीच नव्हती, त्यात उस्तादांना जी मजा येई तिच्याबद्दल होती. एकदा एका बाईची चावी आत राहिली. कडेवर तापाने फणफणलेलं पोर, शेजारचे बाहेरगावी गेलेले. भिंतीवर घड्याळ आहे, पडदे निळे आहेत, सगळं तिने सांगितलं. पण ओळखणारा कुणी नाही म्हणून उस्तादांनी तिला जिन्यात बसवून ठेवलं, ते खालच्या मजल्यावरचा माणूस कामावरून परत येईपर्यंत. घरी येऊन कौतुकाने म्हणाले, "रडत होती बिचारी. पण आपण नियम सोडला नाही."

बायको भांडी घासत होती. तिने पातेलं गरजेपेक्षा जरा जोरात आपटलं. उस्तादांना वाटलं, हात सटकला.

फोनवरून, इंटरनेटवरून लोकांचे पैसे जातात हा विषय निघाला की मात्र उस्तादांना विशेष चेव येई. रोज सकाळी ते सगळ्या ओळखीच्यांना लाल दिव्यांची चित्रं लावलेले इशारे पाठवत. लिंक दाबू नका, ओटीपी देऊ नका, सावध राहा. पाठवून झालं की बायकोला वाचून दाखवत, जणू त्यांनीच लिहिलेत.

आणि कुणी फसलं की मग तर पर्वणीच. शेजारच्या औषधवाल्याला कुणीतरी शेअर बाजाराच्या एका ग्रुपमध्ये ओढलं. ग्रुपमधली झाडून सारी माणसं रोज आपला नफा दाखवायची. तो एकटाच खरा, बाकी सगळी बनावट. "एका बैलासाठी अख्खा बाजार भरवला होता," उस्ताद गिऱ्हाइकांना सांगत, तेही औषधवाल्याला ऐकू जाईल अशा बेताने. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाईंना घरबसल्या व्हिडिओ लाइक करायचं काम मिळालं. दोनदा थोडे पैसे आले, मग 'मोठ्या कामासाठी' त्यांच्याकडूनच भरून घेतले. "काम देणारा उलट पैसे मागतो, तरी ह्यांना शंका येत नाही. आणि या आपल्या पोरांना शिकवणार!"

सगळ्यांत जास्त सोलून काढलं ते बायकोच्या धाकट्या भावाला. भाऊ वायरमन. त्याला मेसेज आला, बिल थकलंय, आज वीज तोडणार, या नंबरवर लगेच फोन करा. घाईघाईत त्याने केला. त्यानंतर घरात बारसं असो, साखरपुडा असो, कुणाला भेटायला जाणं असो, उस्ताद चारचौघांत सुरू करत, "आमचे मेव्हणे बरं का! दुसऱ्यांच्या घरातली वायर कुठून जाते ते भिंतीवर हात ठेवून सांगतात. स्वतःच्या बिलाचं मात्र यांना अनोळखी माणसाने सांगावं लागतं."

भाऊ पहिल्यांदा हसला. दुसऱ्यांदाही हसला. मग यायचाच बंद झाला. बायकोने विचारलं तर म्हणाला, "ताई, पैसे गेले त्याचं काही नाही गं. ते परत मिळवता येतात."

बायकोच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. चावीचे दात तिला आता दिसत कमी, बोटांना कळत जास्त. नवी चावी जुनीवर ठेवून ती अंगठ्याने चाचपायची. तरी कधीतरी चूक व्हायची, गिऱ्हाईक चावी लागत नाही म्हणून परत यायचं, आणि उस्ताद मोकळ्या गळ्याने म्हणायचे, "हिला दिसत नाही हो आता. काय करायचं, सांभाळून घ्यायचं." सांभाळून कोण कुणाला घेत होतं तो भाग वेगळा. ऑपरेशनसाठी तिने मशीनच्या कमाईतून पैसे बाजूला टाकले होते, दोन्ही डोळ्यांचे. ते उस्तादांच्या खात्यात होते, कारण 'बँकेचं तुला काय कळतं'. ऑपरेशनची तारीख ठरली होती. आगाऊ रक्कम भरायचा दिवस उजाडला.

त्याच सकाळी फोन आला.

बायको मशीनवर होती, त्यामुळे सुरुवातीचं तिला ऐकू आलं नाही. मशीन थांबलं तेव्हा उस्तादांनी फोन स्पीकरवर टाकलेला होता. महत्त्वाचे फोन ते स्पीकरवरच घेत, शेजाऱ्यांनाही आपली पत कळावी म्हणून.

"सर, तुमच्या खात्यात कुणीतरी बाहेरून शिरायचा प्रयत्न करतंय," पलीकडचा आवाज सांगत होता. तरुण, नम्र, मागे टेलिफोनच्या घंट्या. "पण पुढचं सांगण्याआधी मला तुमची ओळख पटवून घ्यावी लागेल. खातेदार सोडून दुसऱ्या कुणाशी मी बोलू शकत नाही. नियम आहे सर."

उस्तादांचा चेहरा असा खुलला की मोतीबिंदूतूनही दिसावा. फोनवर हात ठेवून ते बायकोला म्हणाले, "ऐक. याला म्हणतात काम."

जन्मतारीख विचारली, सांगितली. आईचं नाव विचारलं, सांगितलं. कार्डावरचे आकडे विचारले, तेही चष्मा पुसून, सावकाश, एकेक करून सांगितले.

"आणखी विचारा," उस्ताद म्हणाले. "बिनधास्त विचारा. मी स्वतः याच लाइनमधला आहे. ओळख पटल्याशिवाय मी कुणाचं दार उघडत नाही."

"हो का सर? मग तुम्हाला काय समजावून सांगायचं! बाकीचे लोक वैतागतात हो आमच्यावर."

"वैतागणारच. अक्कल नाही लोकांना."

बायको म्हणाली, "अहो, तो कोण, कुठून बोलतोय, ते विचारलंत का?"

"तू चावीकडे बघ. दिसतेय तेवढी."

पलीकडचा आवाज अदबीने थांबला होता. मग म्हणाला, "सर, घरातली माणसंसुद्धा नकोत. आता तुमच्या फोनमध्ये कुणी शिरलंय का ते तपासायला एक छोटं अ‍ॅप मी पाठवतो, ते घ्या. आणि तुम्हाला एक आकडा येईल. तो कुणालाही सांगायचा नाही. मलासुद्धा नाही. तुमचा तुम्ही टाकायचा."

मलासुद्धा नाही. एवढ्या दोन शब्दांनी उस्ताद पार विरघळले. आयुष्यभर ज्याची वाट पाहावी असा माणूस शेवटी भेटला होता. त्यांनी अ‍ॅप घेतलं, त्याने जे जे विचारलं त्याला हो म्हटलं, आणि आकडा आला तेव्हा बायकोलाही दिसू नये म्हणून हाताचा आडोसा करून टाकला. ज्या अ‍ॅपमधून त्यांच्या फोनचा अख्खा पडदा पलीकडच्याला आरशासारखा दिसत होता, त्या अ‍ॅपसमोर हा आडोसा. जिला अर्धवटच दिसतं त्या बायकोपासून तेवढा आकडा नीट लपला.

"झालं सर. आता तुमचं खातं एकदम सुरक्षित. फक्त थोडा वेळ फोनला हात लावू नका, आतलं काम चालू आहे."

उस्तादांनी फोन फळीवर पालथा ठेवला आणि त्याच्याकडे प्रेमाने पाहत बसले.

नंतर त्यांनी तो उचलला तेव्हा बायकोचं लक्ष नव्हतं. लक्ष गेलं ते दुसऱ्याच गोष्टीने. एक गिऱ्हाईक चावी घेऊन परत आलं, दारात लागत नाही म्हणालं. उस्ताद म्हणाले, "होतं असं कधी कधी. पैसे परत घेऊन जा."

बायकोने मशीन बंद केलं.

"अहो, काय झालं?"

"कुठे काय?"

"हॉस्पिटलचे पैसे पाठवलेत?"

"पाठवतो. बँकेचा सर्व्हर डाउन आहे."

"आणि तो मघाचा? खातं सुरक्षित करणारा?"

उस्ताद पिशवीतली हत्यारं काढून परत लावू लागले. मोठी छोट्यांच्या जागी, छोटी मोठ्यांच्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस गप्प बसलेला तिने पाहिला नव्हता. ताप आला तरी बोलायचा, भूल दिली तेव्हाही ती उतरायच्या आधी डॉक्टरांना सल्ला देत होता. तिने हात लांब करून फोन उचलला. अक्षरं मुंग्यांसारखी पळत होती. समोर एक कॉलेजची मुलगी वसतिगृहाच्या कपाटाची चावी करून घ्यायला उभी होती.

"बाळ, हे जरा वाचून दाखव गं."

"अगं, लोकांना कशाला…" उस्ताद उठले, पण फळी आडवी होती.

मुलीने वाचलं. खात्यातून रक्कम वजा झाली होती. मग आणखी एकदा. मागे उरलं होतं ते बसच्या तिकिटाला पुरलं असतं.

"काकू, हे तुम्ही केलंय?"

"नाही."

"मग थांबू नका. बँकेला सांगा, पोलिसांना कळवा. पैसे पुढे जायच्या आत अडवता येतात. वेळ गेला की संपलं."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. "कधी कळलं तुम्हाला?"

उस्ताद म्हणाले, "मी बघतो ना. शांतपणे, विचार करून. चार लोकांत कशाला बोभाटा? औषधवाल्याला कळलं तर? तुझा भाऊ काय म्हणेल?"

दुकानात गरम धातूचा वास होता. बायकोला त्या क्षणी एकदम स्वच्छ दिसलं. हा इतका वेळ फळीमागे बसून पैशांचा विचार करतच नव्हता. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत होते, तिचे दोन्ही डोळे त्यांच्याबरोबर पळत होते, आणि हा लोक काय म्हणतील त्याची उत्तरं तयार करत बसला होता. गिऱ्हाइकाशी गोड बोलत होता. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. आली ती किळस, केस अडकलेली मोरी साफ करताना येते तशी.

"भाऊ काय म्हणेल ते ऐकायला मला कान आहेत," ती म्हणाली. "फोन लावा बँकेला."

उस्तादांनी बँकेचा नंबर इंटरनेटवर शोधायला घेतला. मुलीने त्यांच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावला. "काका, असा शोधलेला नंबर नको. तिथेही हेच लोक बसलेले असतात. कार्डाच्या मागे असतो तो लावा. आणि त्याने काही अ‍ॅप घ्यायला लावलं असेल तर आधी ते काढा." तिने स्वतःच्या फोनवरून बँक लावून दिली, खातं बंद करवलं, पोलिसांच्या सायबर शाखेचा पत्ता सांगितला, आणि तिची चावी तशीच राहिली.

दुकान अर्धं ओढून दोघं निघाली. वाटेभर उस्ताद बोलत होते. फोन करणाऱ्याचा आवाज किती सुशिक्षित होता, मागे ऑफिसच्या घंट्या कशा वाजत होत्या, शिवाय त्याने सगळं नियमाने केलं.

"नियमाने," बायको म्हणाली. "अहो, दाराबाहेर उभा असतो त्याला आपण ओळख विचारतो. आत बसलेला बाहेरच्याला आपली ओळख पटवतो का? त्याने फोन केला होता, तुम्ही नाही. बाहेर तो होता."

उस्तादांनी तिचा दंड धरला. मग म्हणाले, "तू जरा हळू चाल. तुला दिसत नाही."

सायबर शाखेत टेबलामागे एक तरुण पोलीस बाई बसली होती. समोर संगणक, बाजूला गार झालेला चहा. पाठीमागच्या बाकावर नंबरची वाट पाहणारी माणसं, सगळी एकमेकांची नजर चुकवत बसलेली. दवाखान्यातही माणसं असं तोंड लपवून बसत नाहीत.

"बोला. फोन कोणी घेतला होता?"

उस्तादांनी बाकाकडे एक नजर टाकली. मग बायकोकडे बोट केलं. "हिने."

बायको वळली. डोळ्यांवर सायीसारखा पडदा होता, पण त्यातून तिला नवऱ्याचं बोट दिसत होतं. ते थरथरतही नव्हतं.

"बायकामाणूस," उस्ताद पोलीस बाईलाच समजावू लागले. "पटकन विश्वास ठेवतात हो या. मी किती वेळा सांगितलं…"

"काकू, काय काय बोलणं झालं ते क्रमाने सांगा."

"मला काय माहीत?" बायको म्हणाली. "मी चाव्या कापत होते. मशीनचा आवाज केवढा असतो. यांनाच विचारा. मी फोनवर बोलत होते तेव्हा हे शेजारीच बसले होते, मान डोलावत."

पोलीस बाईने भुवई वर केली आणि उस्तादांकडे पाहिलं. "बरं. मग तुम्ही सांगा, काका."

"त्याने… तिला जन्मतारीख विचारली."

"कुणाची?"

"माझी."

"तिला तुमची जन्मतारीख विचारली. पुढे?"

"आईचं नाव विचारलं."

"यांच्या आईचं?"

"नाही. माझ्या."

"काकूंना तुमच्या आईचं नाव विचारलं." ती टाइप करायची थांबली होती. "खातं कुणाचं? फोन कुणाचा?"

"माझा. पण हिने…"

"मग तो आकडा आला, तो कुणी टाकला?"

"हिने. म्हणजे मी आडोसा धरला होता."

"कुणापासून?"

बाकावर कुणीतरी खोकलं. तो खोकला नव्हता हे सगळ्यांना कळलं. बायको खुर्चीत टेकून बसली होती, मांडीवर हात, अगदी फोटोला बसल्यासारखी. ती मदतीला येणार नव्हती.

"काका," पोलीस बाई म्हणाली, "इथे रोज माणसं येतात. डॉक्टर येतात, वकील येतात, गेल्या आठवड्यात बँकेतलाच एक आला होता. मला हसायला वेळ नाही. तुम्ही खोटं बोलताय तेवढ्यात पैसे पुढच्या खात्यात जाताहेत. फोन कोणी घेतला?"

"मी," उस्ताद म्हणाले.

"मोठ्याने बोला, मला बँकेला लाइनवर सांगायचंय."

"मी घेतला."

त्यानंतर ती भराभर टाइप करत गेली, दोन ठिकाणी फोन लावले, मेसेज पाहिले, अ‍ॅपचं नाव घेतलं. शेवटी खुर्ची मागे सारून म्हणाली, "पहिल्या खात्यातून दोन वाटा झाल्यात. एक अडवलीय. दुसरी काढून घेतली. अडवलेले परत मिळायला वेळ लागेल, कागदपत्रं द्यावी लागतील. दुसऱ्याची आशा कमी." मग सहज, काहीच न म्हणायच्या सुरात तिने विचारलं, "मेसेज तर बराच आधी आलाय. फोन ठेवल्याबरोबर का नाही कळवलंत?"

उस्ताद म्हणाले, "गिऱ्हाईक होतं दुकानात."

बाहेर ऊन होतं. पायऱ्यांवर उस्ताद थांबले, घाम पुसला, आणि आता त्यांचा आवाज परत आला. निम्मे वाचले म्हणजे तसं पाहिलं तर थोडक्यात निभावलं. दुसऱ्या कुणाचे सगळेच गेले असते. हे लोक फार हुशार झालेत, यावर काहीतरी लिहून सगळ्यांना पाठवायला हवं. फक्त नावगाव न घालता.

बायको त्यांचा फोन कानाला लावून हॉस्पिटलशी बोलत होती. ऑपरेशन पुढे ढकला, ती सांगत होती. हो, एकच. दोन्ही नाही, एकच. पैसे आले की कळवते. नाही, घरात काही अडचण नाही.

तिने फोन परत दिला.

"एकच?" उस्ताद म्हणाले. "तेही बरंच आहे म्हणा. सुरुवात तर होईल. कुठला करायचा म्हणतेस?"

"उजवा."

"डावा जास्त खराब आहे ना? डॉक्टर म्हणाले होते."

"दुकानात तुम्ही माझ्या डावीकडे बसता," ती म्हणाली, आणि कठड्याला हात लावून एकेक पायरी उतरू लागली.